थोडी, पण नेमाने

“मॅडम, तुमचं मशीन घेऊन बसलंय की काय?”

प्रयोगशाळेच्या दारात मुरलीधर पाचारणे उभा होता. पोट पुढे आलेलं, हातापायांच्या काड्या, डोळे हळद लावल्यासारखे पिवळे, आणि आवाज मात्र भर वरातीत घुमावा असा. त्याच्यामागे त्याची बायको हिरा. तिच्या मागे पदर कमरेला खोचून तानूआत्या.

“आत या आणि दार लावा,” मी म्हणाले.

“दार कशाला लावायचं? ऐकू द्या की सगळ्यांना. रणपिसे डॉक्टर म्हणतात माझ्या रक्तात दारू निघाली. सहा महिने झाले, मॅडम! सहा महिन्यांत मी सोडावॉटरसुद्धा पिलो नाय. ती बाटली बघून दारूची आठवण होते म्हणून!”

“मशीन घेत नाही, मुरलीमास्तर.”

“मग कोण घेतंय?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे त्या घटकेला नव्हतं. खरं तर मला वाटत होतं की आहे.

मी तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळत होते. यकृताच्या रुग्णांचं सगळं रक्त माझ्याकडे यायचं. मुरलीमास्तर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. घरचा बँड, आजोबांपासूनचा. वरातीत वाजवणाऱ्याला नवऱ्याचे मित्र आग्रह करून पाजतात, आणि लग्नसराई संपली की सवय काही संपत नाही. पंचेचाळिशीत त्याचं यकृत दगड झालं. दुसरं बसवण्यावाचून उपाय उरला नाही. हिरा आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार झाली. रुग्णालयाची अट एकच होती: सहा महिने थेंबसुद्धा नाही, आणि शेवटी रक्ताने तशी साक्ष द्यायची. त्या दिवशी दुपारी समिती बसणार होती. ती हो म्हणाली तर शस्त्रक्रिया, नाही म्हणाली तर पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. आणि आणखी सहा महिने त्या यकृतात नव्हते. हे त्याला सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बहुधा त्यालाही असावं.

साक्ष देणारी तपासणी आमच्याकडे नवीनच आली होती. तिला आम्ही ‘पेथ’ म्हणायचो. तोवर यकृताची विकरं वाढली का, तांबड्या पेशी फुगल्या का, अशा खुणांवरून अंदाज बांधायचा. पण ज्याचं यकृतच बिघडलेलं आहे, त्याच्या या खुणा दारूशिवायही बिघडलेल्याच असतात. आणि पोलीस रस्त्यात फुंकायला लावतात ते दुसऱ्या दिवशी काही सांगत नाही. पेथचं तसं नव्हतं. हा पदार्थ शरीरात दारू गेली तरच तयार होतो, तांबड्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतो आणि तीन-चार आठवडे तिथून हलत नाही. आईची, पोरांची आणि कुलदैवताची अशा तिन्ही शपथा ऐकून दमलेल्या रणपिशांना ही तपासणी म्हणजे देवमाणूस भेटल्यासारखी वाटली होती.

सकाळी मीच त्यांना फोन करून सांगितलं होतं.

“किती आहे?” त्यांनी विचारलं होतं.

“फार नाही, सर. थोडी, पण नेमाने.”

“नेमाने!” ते म्हणाले होते. “नेमाने तर आम्ही औषधं घ्यायला सांगितली होती.”

आता हिरा पुढे झाली. नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, मला बाकी काय कळत नाय. प्यालाय का नाय, एवढं सांगा. प्याला असंल तर मी माझं यकृत घेऊन घरी जाते.”

“हिरे, देवाशपथ...”

“तुम्ही गप बसा. देवाला कामं असतात.”

“तो प्याला नाय,” तानूआत्या म्हणाली.

आम्ही तिघांनीही वळून पाहिलं. कारण ही मुरलीची आत्या. त्याची आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. सत्तरीची, ताठ, पहाटे उठून आंघोळ करणारी, कांदासुद्धा मोजून खाणारी बाई. पुतण्याला घेऊन आली की दर खेपेला मला बाजूला घेऊन सांगायची, “मॅडमबाई, त्याच्या तोंडाचा वास घ्या आधी. सुई नंतर टोचा.” आख्ख्या रुग्णालयात मुरलीवर सगळ्यात कमी विश्वास कोणाचा असेल तर तिचा. आणि आज तीच म्हणत होती, प्याला नाय.

“आत्या, तुम्ही?” हिरा म्हणाली.

“व्हय, मी. मशीन चुकलं असंल. लोखंडाचंच हाय ना?”

“बघा!” मुरली म्हणाला. “आत्यासुद्धा म्हणते. आत्या म्हणते म्हणजे...” आणि तो मध्येच थांबून आत्याकडे संशयाने बघू लागला. आत्याने आपली बाजू घेतल्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात बहुतेक पहिलाच असावा.

मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. पेथ पुन्हा लावून बघते, म्हणाले. खरं तर लोखंडाच्या मशीनवर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता. पण सकाळी घाईत फक्त एवढा एकच आकडा कळवला होता, बाकीच्या अहवालांवर सह्या व्हायच्या होत्या. म्हटलं, ते तरी उरकावं.

पाचारणे, मुरलीधर. कावीळ दाखवणारा आकडा पाहिला आणि मी चष्मा काढून पुसला. तो अगदी निरोगी माणसाचा होता. खालचा पाहिला, तोही तसाच. यकृत जी प्रथिनं बनवतं ती भरपूर. रक्त गोठण्याच्या पेशी हव्या तेवढ्या. मूत्रपिंडं झकास. फक्त साखर थोडी वर. हे यकृत बदलायचं कशाला? याचा कोणाला तुकडा द्यायचा असेल तर रांग लागली असती.

मघाशी दारात ते पिवळे डोळे मी स्वतः पाहिले होते.

म्हणजे कागदावर यकृत ठणठणीत आणि दारू हजर. जिवंत माणूस मात्र याच्या बरोब्बर उलट सांगत होता. मी उरलेले अहवाल चाळायला लागले. फार शोधावं लागलं नाही, दोनच कागद खाली होता. जाधव, तानूबाई. वय सत्तर. ज्येष्ठ नागरिकांची तपासणी. साखर उत्तम. पण कावीळ भरपूर, प्रथिनं तळाला, रक्त गोठायच्या पेशी नावापुरत्या. या कागदाप्रमाणे तानूआत्या पायावर उभीसुद्धा राहायला नको होती. ती तर बाहेर माझ्या शिपायाला बाक तिरका ठेवल्याबद्दल झापत होती. मला आतपर्यंत ऐकू येत होतं.

आमच्याकडे तेव्हा एक पद्धत होती. रक्त घ्यायचे नव्या इमारतीत, प्रयोगशाळा जुन्या इमारतीत, आणि मध्ये मोठं आवार. नळ्या घेऊन येणारा माणूस दिवसातून एकदा फिरायचा. म्हणून ज्याला घाई असेल त्याच्या नातेवाइकाच्या हाती नळ्यांची पिशवी द्यायची आणि म्हणायचं, जा, देऊन या. नळ्यांवर नावाची चिकटपट्टी असायची. नर्सबाई ती घाईघाईने लावायच्या. एक टोक बहुतेक वेळा सुटलेलंच असायचं.

मी दार उघडलं. “आत्या, तुम्ही जरा एकट्या आत येता?”

“मी कशाला? माझं काय काम?”

“तुमच्या तपासणीबद्दल बोलायचंय.”

ती आली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“आत्या, परवा नळ्या कोणी आणून दिल्या इकडे?”

“मीच. मुरलीला चालवत नाय, हिरा औषधाच्या रांगेत व्हती.”

“दोघांच्या नळ्या एकाच पिशवीत होत्या?”

“व्हत्या. का?”

“कारण तुमचं यकृत पार कामातून गेलंय असं इथं लिहून आलंय.”

“माझं?” ती उसळली. “अहो, मी लोखंड खाऊन पचवीन! कोण म्हणतं?”

“तुमच्या नावाच्या नळीतलं रक्त म्हणतं. आणि मुरलीमास्तरांच्या नळीतलं रक्त म्हणतं, की त्यांना काहीच झालेलं नाही. ज्याच्या पोटात पाणी झालंय तो धडधाकट, आणि ज्या बाक सरळ करतात त्या आजारी. आता तुम्हीच सांगा, कोण चुकलं? मशीन तर एकाच वेळी दोघांचं असं नेमकं उलटसुलट चुकणार नाही.”

तिने खुर्चीची पाठ सोडली आणि बसली.

“कळतं का तुम्हाला रक्तावरनं?” तिने हळू विचारलं. “कुणाचं कुणाचं ते?”

“कळतं.”

“मला वाटलं, लाल ते लाल.”

मी दोन्ही अहवाल तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. तिच्यासारख्या माणसांना गप्प बसलेलं सहन होत नाही, हे मला तिच्याच सहवासात कळलं होतं.

“आवारात ते उंबराचं झाड हाय ना, तिथं बसले,” ती म्हणाली. “पट्ट्या काढल्या, याच्या त्याला आन त्याच्या याला लावल्या. थुंकी लावून. लई वेळ नाय लागला.”

“का पण?”

“का म्हणजे? तो प्यालेला व्हता म्हणून!” आता तिचा आवाज पुन्हा चढला. “मागच्या पंधरवड्यात चार वेळा उशिरा घरी आला. डोळे लाल. तोंडात मूठभर बडीशेप. माझा नवरा पन्नास वर्षांखाली अशीच बडीशेप खात यायचा. मला काय नवीन हाय? म्हटलं, रक्त बोलणार. रक्त बोललं की डॉक्टर नाय म्हणणार, हिरा नाय म्हणणार, आन पोरगं जाणार. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलंय, बाई. घरात एकच रक्त असं व्हतं की ज्याला कधी थेंब शिवला नाय. माझं. म्हटलं, हेच द्यावं.”

आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा आधी कोडं पडल्यासारखा झाला, मग रागावल्यासारखा.

“थांबा जरा. मग त्याच्या नावच्या नळीत माझं रक्त. आन त्या नळीत दारू?”

“हो.”

“मग सांगते ना मघापासनं! मशीनच चुकलंय!”

मला हसू दाबावं लागलं. ते दाबायला मी वही-पेन शोधण्याचं नाटक केलं.

“आत्या, तुम्ही दिवसभरात काय काय खाता-पिता?”

“भाकरी. भाजी. दूध. वरण असलं तर वरण. आन माझं औषध.”

“कसलं औषध?”

“द्राक्षासव. आपल्या काष्ठौषधीवाल्याकडचं. भूक लागते, ताकद येते. चांगल्या घरच्या बायका घेतात, बाळंतिणी घेतात. त्यात काय हाय?”

“किती घेता?”

“बाटलीवर लिहिलंय की. दोन चमचे.”

“बाटलीवर दोन चमचे. आणि तुम्ही?”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. “दोन चमच्यानं काय व्हतंय? तोंड ओलं व्हत नाय. फुलपात्रभर घेते.”

“दिवसातून एकदा?”

“सकाळी. मग जेवायच्या आधी. मग संध्याकाळी दिवा लावला की. कधी निजताना. नेम चुकवत नाय मी.”

मी तिला समजावून सांगितलं. मनुकांचं पाणी गुळात आंबवत ठेवतात, आंबलं की त्यात आपोआप मद्य तयार होतं. दोन चमच्यांत ते नगण्य असतं. फुलपात्रांत नसतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “औषध हाय ते. औषधाला दारू म्हणू नये.”

“बरं. ठेवता कुठे हे औषध?”

“ट्रंकेत.”

“उघडीच?”

“कुलूप लावून. किल्ली माझ्या कनवटीला.”

“औषधाला कुलूप?”

“मुरलीच्या हाताला लागू नये म्हणून!”

“पण औषधच आहे, तर मुरलीच्या हाताला लागून काय बिघडणार होतं?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी आयुष्यात पुष्कळ तपासण्या केल्या, निकाल यायला तासन्तास थांबले. पण एखाद्याच्या चेहऱ्यावर निकाल येताना मी तो एकदाच पाहिला.

“कुणाला सांगू नको,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “पोरी, एवढं कर. मशीन चुकलं म्हण.”

“ते मला म्हणता येणार नाही, आत्या. आणि आधी दुसरं बघायला हवं. मुरलीमास्तरांचं खरं रक्त तुमच्या नावाच्या नळीत माझ्याच फ्रिजमध्ये आहे. त्याची पेथ अजून कोणी केलेली नाही.”

ती एकदम घाबरली. “नको! ते तसंच राहू दे. त्यात असणारच!”

“असेल तर असेल.”

आत्याला बाहेर बाकावर पाठवलं आणि नळी लावली. यंत्राला वेळ लागतो. तेवढ्यात रणपिशांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ते आधी हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला आणि हसू गेलं.

“देवस्थळी मॅडम, समितीचा नियम माहीत आहे ना? नमुन्यात फेरफार झाला की रुग्ण यादीतून बाहेर. कोणी केला ते विचारत नाहीत.”

“पण याने केला नाही, सर.”

“हे कोण सांगणार? आता नवीन रक्त घेतलं आणि ते स्वच्छ निघालं, तरी पहिल्या नळीतली दारू कोणाची, हे विचारणारच. ती कोणाची तरी असायला हवी. रक्ताला मालक लागतो.”

यंत्रावर रेघ उमटायला लागली तेव्हा आम्ही दोघंही पडद्याला नाक लावून उभे होतो. रेघ सरळ आली, सरळ गेली. जिथे डोंगर दिसायला हवा होता तिथे उंचवटासुद्धा नव्हता.

“काही नाही,” मी म्हणाले.

“काहीच नाही?”

“सोडावॉटरसुद्धा नाही.”

मी बाहेर जाऊन तिघांना आत बोलावलं. आत्याला विचारलं, मी सांगू की तुम्ही सांगता? तिने मान हलवली, मला कळेना हो की नाही. मग मीच सांगितलं, शक्य तितकं कोरडेपणाने. नळ्या बदलल्या, मुरलीचं रक्त स्वच्छ आहे. आत्याच्या रक्तात जे निघालं ते तिच्या औषधातून आलं.

हिरा आधी खुर्चीवर बसली, मग उठली, मग पुन्हा बसली. “मग ती बडीशेप?” तिने नवऱ्याला विचारलं. म्हणजे तिनेही पाहिली होती.

मुरली खाली बघू लागला. “रणपिसे सर, तुम्ही रागावू नका. गल्लीतल्या पोराची वरात व्हती. मग त्याच्या चुलतभावाची. मी फक्त दोन-दोन गाणी वाजवली.”

“फुंकायची मनाई केली होती ना तुम्हाला!” रणपिसे ओरडले. “अन्ननलिकेतली शीर फुटली असती म्हणजे?”

“म्हणून तर घरी सांगितलं नाय. आन तोंडाला कोरड पडती, म्हणून बडीशेप.” मग तो आत्याकडे वळला. “आत्ये, तुला वाटलं मी पितो?”

“वाटलं.”

“मला विचारायचंस की.”

“विचारलं असतं तर तू नाय म्हणाला असतास. प्यालेला असतास तरी नाय म्हणाला असतास, नसतास तरी नाय. वीस वर्षं तेच ऐकलं मी. त्यात काय कळणार?”

हिराने आपलं हसू पदराआड लपवलं, पण तिचे डोळे हसत नव्हते.

समितीपुढे मलाही जावं लागलं. लांबट टेबलामागे चार माणसं, मध्ये अध्यक्ष बर्वे बाई, पेशाने वकील. मुरलीचं नवीन रक्त नर्सने माझ्या डोळ्यांदेखत घेतलं होतं, नळी मीच उचलून नेली होती, आणि तेही स्वच्छ निघालं होतं. रणपिशांनी दोन्ही निकाल मांडले. जे व्हायचं तेच झालं.

“आणि पहिली नळी?” बर्वे बाईंनी विचारलं. “त्यात दारू आहे. रुग्णाचं नाव आहे. ती कोणाची?”

“नजरचुकीने अदलाबदल झाली,” रणपिसे म्हणाले. “नातेवाईक आहेत एक. वयस्कर बाई. औषधातून अगदी थोडं काही...”

“नजरचुकीने पट्ट्या निघत नाहीत, डॉक्टर.”

हिरा आपल्या बांगड्यांशी चाळा करत होती. रणपिशांनी वाक्य पुढे न्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“डॉक्टर, तुम्ही बसा.”

तानूआत्या पुढे आली. टेबलापाशी येऊन तिने पदर खांद्यावरून नीट घेतला.

“बाई, नजरचूक नाय. पट्ट्या मी काढल्या. या पोराला कायबी ठाऊक नव्हतं, त्याच्या बायकोलाबी नाय. ते रक्त माझं.”

“आजी, तुम्ही दारू घेता?” बर्वे बाईंनी जरा मवाळपणे विचारलं. “की डॉक्टर म्हणतात तसं, औषधातून चुकून गेलं?”

पळवाट अगदी समोर उघडी होती. बाईंनी स्वतःच दार धरून ठेवलं होतं. मला वाटलं आत्या हो म्हणेल. म्हणाली असती तरी ते खोटं ठरलं नसतं.

“औषध दोन चमचे असतं,” आत्या म्हणाली. “मी फुलपात्र भरते. परत भरते. कुलपात ठेवते. किल्ली कुणाला देत नाय. दुपार कलली की माझं लक्ष त्या ट्रंकेकडं असतं. माझा नवरा असाच कोनाड्यात फडक्याखाली ठेवायचा, आन मी त्याला काय काय बोलले ते माझं मला ठाऊक.” तिने श्वास घेतला. “घेते मी. पिणारी मी हाय. तो नाय. माझा त्याच्यावर इश्वास नव्हता, ही चूक माझी. तिची शिक्षा त्याला देऊ नका.”

बर्वे बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या सभासदाशी काही कुजबुजल्या.

“तीस वर्षं कोर्टात काढली मी,” त्या म्हणाल्या. “एवढं सरळ कोणी बोललं नाही. डॉक्टर, पहिली नळी रद्द धरा. आणि नातेवाइकांच्या हाती रक्त द्यायची पद्धत आजपासून बंद.”

शस्त्रक्रियेला परवानगी मिळाली. पुढच्या महिन्यात ती झालीही, आणि दोघं नवरा-बायको आपापल्या वाट्याचं यकृत घेऊन घरी गेले. पण इतक्या वर्षांनी मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो समितीच्या खोलीबाहेरचा लांब व्हरांडा.

हिरा पुढे निघून गेली होती, कोणाला तरी फोनवर सांगत, ओरडून, रडत. तानूआत्या भिंतीला टेकून उभी होती. मघाची ताठ बाई कुठे गेली होती कोण जाणे.

“पोरी,” ती मला म्हणाली, “उद्या ती बाटली तुझ्याकडं आणून देते. मोरीत ओतायला माझा हात व्हणार नाय.”

“द्या आणून.”

“पण रात्री पाय लई ओढतात गं. तेव्हा काय करू?”

मी सांगायला लागले. कॅल्शियम बघून घेऊ, ड जीवनसत्त्व बघू, वयाप्रमाणे होतं असं. सांगता सांगता लक्षात आलं, मुरली शेजारी येऊन उभा राहिलाय. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस धरलेला.

“ते पाय नसतात, आत्ये,” तो म्हणाला.

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “मग काय असतं?”

“संध्याकाळ असते. ती पायात उतरते.” त्याने तिचा दंड धरला आणि तिला चालतं केलं. मी दोन पावलं मागे राहिले. “पहिला आठवडा लई वाईट. चिडचिड व्हती. कुणाचं तोंड बघू वाटत नाय.”

“माझी तशी रोजच व्हती.”

“मग तुला सोपं जाईल. मी येऊन बसत जाईन दिवेलागणीला. एकटं बसायचं नाय. आन तोंडात टाकायला काहीतरी गोड जवळ ठेवायचं.”

“मला साखर हाय ना रे, मुडद्या.”

मुरली थांबला. विचारात पडला. त्याच्या पिवळ्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच एका जाणत्या माणसाची काळजी पाहिली.

“मग फुटाणे,” तो म्हणाला.